नोंदणी जिवंत ठेवण्याचे तीन मार्ग

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

सकाळपासून विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात उभी होते, खिडकी उघडली ती जेवणाच्या सुट्टीनंतर. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि त्याच भिंतीवर 'ज्ञान हीच शक्ती'. शिसारी आली.

क्लार्कचं नाव कल्याण. त्याने माझी फाईल काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि म्हणाला, "ज्योत्स्ना मॅडम, तुमचे सहा वर्षं तीस सप्टेंबरला भरून राह्यले. नोंदणी जिवंत ठिवायची तर तीन मार्ग हायेत."

पहिला – दोन वर्षांची मुदतवाढ. पण त्याला सगळे सहामाही प्रगती अहवाल पूर्ण लागतात, आणि माझा एक नाही. दुसरा – प्रसूती रजा. जेवढी रजा तेवढी मुदत पुढे सरकते, जास्तीत जास्त आठ महिने. तिसरा – नोंदणी रद्द करून पुन्हा प्रवेश परीक्षा, पुन्हा मुलाखत, पुन्हा सगळं.

"हा तिसरा मार्ग जिवंत ठेवण्याचा कसा काय?" मी विचारलं.

"मी निस्तं सांगायचं काम करतो मॅडम."

कुठला अहवाल नाही ते पाहिलं. २०२२ चा, जानेवारी ते जून. शेरा – 'विद्यार्थिनी गैरहजर. कारण अज्ञात.' खाली माझे मार्गदर्शक सर्जेराव सर यांची सही, चांगली लफ्फेदार.

कारण अज्ञात!


५ ऑगस्ट

झोप लागली नाही. डोक्यात तेच दोन शब्द.

त्या फेब्रुवारीत मी जालन्याच्या दवाखान्यात होते. सातवा महिना होता. मुलगी झाली. रडलीच नाही. मी अजून तिथेच पडलेली, तर सरांचा फोन आला – "आराम कर. अहवालाचं मी बघतो." आणि बघितलं ते असं. बरं, तेव्हाच कुणी मला म्हटलं असतं की सरांनी असा शेरा मारलाय, तर पटलं नसतं. गेली साडेतीन वर्षं त्यांना दिवाळीला फराळाचा डबा नेऊन देतेय.


७ ऑगस्ट

सरांच्या घरी जालन्याला. सर बनियनवर, पाय टीपॉयवर. मी उभी राहूनच विचारलं. ते म्हणाले, "शेरा आता बदलता येत न्हाई. वरच्यांनी विचारलं तर माझी मान अडकती."

आणि माझ्या मानेचं काय?

मग स्वतःच तोडगा काढला. प्रसूती रजा दाखव. मी म्हटलं, "पण सर, मला दिवस गेलेले नाहीत." ते हसले. "कागदावर गं. लग्न झालंय ना? मंग झालं. अलमासनं घेतलीच ना." अलमास माझ्याबरोबरच त्यांच्याकडे पीएच.डी. करते. तिची मुलगी आता घरभर पळते, सरांच्या मांडीवर बसून फोटो काढलाय तिने. "रजा घे, निवांत प्रबंध पूर्ण कर. तेवढ्यात मी गैरहजेरीचं हळूच नियमित करून घेतो." हळूच हा सरांचा लाडका शब्द. यांची सगळी विद्वत्ता हळूच चालते.

ओळखीच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. निघताना उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही दिला, तपासून आण म्हणून. मी घेतला! बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते. सरांपेक्षा त्या गठ्ठ्याखालच्या माझ्या हातांचीच जास्त किळस आली.


८ ऑगस्ट

नवऱ्याला, प्रितमला सांगितलं. तो दुकानातून येऊन हात धूत होता. पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं रिवायंडिंग करतो, हातांचा वास कितीही साबण लावला तरी जात नाही. म्हणाला, "सगळेच करून राह्यले. तू एकटीच काय सत्यवादी? घेऊन टाक." आणि जेवायला बसला.

खोटं बाळंतपण. सहज, चटणी वाढ म्हटल्यासारखं.


९ ऑगस्ट

उत्तरपत्रिका संपल्या. 'मागणीचा नियम स्पष्ट करा' याला एका पोराने लिहिलंय – कितीही मागणी केली तरी मिळत नाही. पूर्ण गुण दिले.


१२ ऑगस्ट, मंगळवार

गेले. हो, गेले! नोंदणी मेली तर काय राहतं माझ्याकडे? जाफराबादच्या कॉलेजात तासांवर शिकवते, ते तासही पीएच.डी. चालू आहे म्हणून मिळतात. आई-बाबा गेले तेव्हाही मी प्रबंधच लिहीत होते. ही एवढी एकच गोष्ट मी सुरू केलेली आहे जी अजून संपायची आहे.

डॉक्टर आत, बाहेर त्यांचा कंपाउंडर बबलू. "सर्जेराव सरांनी सांगितलंय. बसा. कितवा महिना लिहू?" पेन्सिल कानाला. वरणभातात तूप घालू का विचारावं तसं.

मी म्हटलं, लिहा काहीही.

"पहिली डिलिव्हरी का दुसरी?"

"दुसरी," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"पहिलं काय हाय? मुलगा का मुलगी?"

"मुलगी."

"केवढी हाय आता?"

मी पर्स उचलली आणि बाहेर आले. तो मागून हाका मारत होता. घरी न्यायची टेंभुर्णीची बस डोळ्यांसमोरून गेली, हात करायचंही सुचलं नाही.


१३ ऑगस्ट

दुसरी म्हणाले म्हणजे पहिली झालीच होती की. मग ती रजा तेव्हाच माझी होती!

का नाही घेतली? कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ना सरांच्या, ना प्रितमच्या, ना एम.ए.ला पहिली आलेल्या माझ्या. रजा ही मांडीवर मूल असलेल्या बाईची, असं आम्ही धरूनच चाललो. दूध येत होतं, छातीला घट्ट फडकं बांधून मी तिसऱ्या आठवड्यात वर्गावर उभी राहिले. मुलांना सांगितलं, टायफॉइड झाला होता.

आणि माझा विषय काय? कपाशीच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या बायका – हाताने कळी सोलायची, दुसऱ्या फुलाचे परागकण लावायचे, दिवसभर. तिसऱ्या प्रकरणात मी मोठ्या तोंडाने लिहिलंय की या स्त्रियांना बाळंतपणाची रजा मिळत नाही आणि तिचा त्यांना हक्क आहे याची जाणीवही नाही. तळटीप वगैरे देऊन. थू!

अलमासला फोन केला. सर तिचं नाव घेतात हे ऐकून भडकली. "मेरे टाँके पड़े थे ज्योत्स्ना, मैं कागज पे नहीं जनी." मग थंड झाल्यावर सांगितलं, तिने अर्ज उशिरा केला होता, तरी रजा मागच्या तारखेपासून मंजूर झाली. म्हणजे मागची मिळते. "पण सोच ले हां. पूरी पीएच.डी. में एकदाच मिळती. पुढं खरंच काही झालं तर तुला काहीच न्हाई बचणार."


१४ ऑगस्ट

प्रितमला सांगितलं की खोटी नको, खरी मागते. २०२२ ची.

तो म्हणाला, "तिला पुढं करून मुदत मागती? तिच्या जिवावर डिग्री?"

साडेतीन वर्षांत तो पहिल्यांदा 'ती' म्हणाला, आणि ते असं.

सासूबाई कपाशीच्या प्लॉटवरून येऊन ओट्यावर बसल्या होत्या, बोटं कळ्यांच्या चिकाने काळी. त्यांनी ऐकलं. "कशाला उकरून काढती माय," एवढंच. बांधाकडेला तिला ठेवायला त्याच गेल्या होत्या. कुठे, ते मला अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

कसली उलटी खोपडी आहे या घराची! नसलेलं मूल कागदावर चालतं, आणि झालेलं चालत नाही. पण प्रितमचं बोलणं खोडून काढायला गेले तर शब्द सापडेना. म्हणून जास्त राग आला.


१७ ऑगस्ट, रविवार

भाजीत मीठ दुप्पट पडलं, प्रितमने मुकाट खाल्ली.


२१ ऑगस्ट

दवाखान्यातून डिस्चार्ज कार्डाची प्रत काढली. त्यात माझं नाव, माझं ब्लडप्रेशर, माझी औषधं. 'बाळ' या शब्दापुढे एक आडवी रेघ.

ती घेऊन अर्जावर शिफारस मागायला सरांकडे. त्यांनी अर्ज वाचला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला. "वेडी हायेस का? एकदाच मिळणारी रजा मेलेल्यावर घालवती? उद्या खरं मूल झालं तर काय करशील?"

खरं मूल.

मी म्हटलं, "सर, शेऱ्यात कारण अज्ञात आहे. मला कारण लिहून द्यायचंय."

"म्हंजे माझा शेरा खोटा ठरवती? मी सही करणार न्हाई." मी म्हटलं, मग सल्लागार समितीपुढे तोंडी सांगते, तसा नियम आहे. त्यांनी नेहमीसारखा गठ्ठा पुढे सरकवला, हात त्यांचा सवयीनेच गेला असावा. मी तो तसाच ठेवून आले. साधी गोष्ट. पण रस्त्यात एकटीच हसत होते.


३० ऑगस्ट

समितीची तारीख मिळाली, ९ सप्टेंबर. तिथे नाही म्हणाले तर महिनाअखेर संपलं सगळं. प्रितमला सांगितलं. तो तांब्याच्या तारेचं वेटोळं सोडवत होता, सोडवतच राहिला.


९ सप्टेंबर, मंगळवार

तिघे होते. सर्जेराव सर, बाहेरच्या कॉलेजच्या एक मॅडम, आणि एक वयस्कर अध्यक्ष. चहा, खारी, एसी.

अध्यक्षांनी खारी चहात बुडवत विचारलं, "पण मूल तर राहिलं नाही ना? मग रजा कशाची?"

मी म्हटलं, "प्रसूती झाली होती सर. मूल राहिलं नाही, ते त्यानंतर."

खारीचा बुडालेला तुकडा कपात पडला. ते चमच्याने काढत बसले. मॅडम खाली बघून काहीतरी लिहू लागल्या. आणि सर्जेराव सर म्हणाले, "मला त्या वेळी याची काही कल्पना नव्हती." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले! माणसाला इतकं सराईत खोटं बोलता येतं हे समोर बसून पाहिलं. मी म्हटलं, "मी दवाखान्यात असताना तुमचा फोन आला होता सर. आराम कर म्हणालात." मग त्यांनी छताकडे पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, शिफारस करायला हरकत नसावी. अध्यक्ष म्हणाले, हो हो, करा. सरांनी सही केली. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत झालं.

जिंकले असं वाटायला हवं होतं. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. सातवा महिना, सातवा महिना – कितीदा म्हणाले मी तिथे! बाजारात माल दाखवावा तसं. या लोकांना विटले तशीच स्वतःलाही विटले. प्रितम म्हणाला ते खरंच असेल का?


२५ सप्टेंबर

आदेश झाला, काल हातात मिळाला. मुदत मे अखेरपर्यंत, तो शेराही काढला. आज कल्याणचा फोन – "तीस तारखेच्या आत मूळ प्रत आणून लावा मॅडम. झेरॉक्स न्हाई चालत, लॅमिनेशन केलेलं बी न्हाई चालत. अन् पेढे कव्हा?"

फोन ठेवला. पेढे म्हणे.

प्रितमला सगळं सांगितलं, मूळ प्रतीचं, लॅमिनेशनचंही. आदेश त्याच्यासमोर ठेवला. त्याने उभ्यानेच वाचला, मग खाली बसून वाचला.


२६ सप्टेंबर

दुकानातून येताना प्रितमने आदेशाची मूळ प्रत लॅमिनेट करून आणली.

मी ओरडायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "तुह्यासाठी दुसरी मागून आणू, मी येतो सोमवारी, मी उभा राहतो खिडकीवर. ह्याच्यात मुलगी लिहिलंय अन् तिची तारीख हाय. आपल्याकडं तिचा दुसरा कागदच न्हाई."

मग आमची आधारकार्डं असतात त्या डब्यात त्याने तो ठेवून दिला.