नालीतला पाना

२ मार्च
पोचलो एकदाचे! खोली ऐसपैस आहे, खिडकीतून थेट ढीग दिसतो. धाकट्याने आल्याआल्या चावी हरवली आणि डोकं खाजवत बसला. ती त्याच्याच खिशात निघाली. लग्नाचं वय झालं, पण ध्यान तसंच! मला नालीवर, त्याला ढिगावर, बहीणभावाला एकाच ठिकाणी काम मिळालं. आणखी काय हवं?

५ मार्च
इथलं काम मजेचं आहे. नावापुरतं तांबं असलेला दगड फोडून प्लास्टिकवर डोंगराएवढा ढीग रचलाय. वर नळ्यांतून ॲसिड थेंब थेंब ठिबकतं आणि तांबं विरघळवत, हिरवं होऊन पायथ्याच्या नालीत येतं. नालीत मी भंगार लोखंड टाकते. लोखंड विरघळतं, त्याच्या जागी तांबं बसतं. कालचा खिळा आज तांबडा झाला होता. धाकटा म्हणाला, ताई, मला नको हं टाकूस!

९ मार्च
धाकटा ढिगात गेला. तुंबलेली नळी मोकळी करायला चालायची फळी सोडून ओल्या उतारावर उतरला. वरचा थर कडक, खाली नुसता चिखल. मी खालून ओरडत होते. हातातल्या पान्यासकट गेला. साहेब म्हणतात, खणलं तर उतार कोसळेल. ॲसिड तरी बंद करा म्हणून पाया पडले. नाही म्हणाले.
अजून ठिबकतंय. त्याच्या अंगावर.

११ मार्च
आईला काय सांगू?
नालीत पाना सापडला. त्याचाच, मुठीला तार गुंडाळलेला. अख्खा तांब्याचा. ढिगातून नालीत येणाऱ्या बोटाएवढ्या पाइपातून आला कसा? मुकादमाने हातही लावला नाही. म्हणाला, आधी ढिगात गेलेल्यांचंही असंच एकेक यायला लागलं होतं. ॲसिड बंद केलं, तेव्हा थांबलं.

१२ मार्च
पाना पाहून साहेबांनी आज ॲसिड बंद करवलं. आज! मी नको नको म्हणत राहिले.
रक्तात लोखंड असतं, शाळेत शिकवलं होतं— पाना आला, तर तोही येईल.
सगळे जेवायला गेल्यावर मी व्हॉल्व्ह उघडला. पूर्ण.

१३ मार्च
दुपार. उतारावर कुणीतरी उभं आहे. तांबडं. उन्हात चकाकतंय. डोकं खाजवतंय— तोच!
मागे आणखी एक. आणखी—
दाराशी आला. खिसे चाचपतोय, भांडी आपटल्यासारखा आवाज होतोय. ताई म्हणाला. हो, ताईच म्हणाला.
लोखंड मागतोय. खोलीत कुठलं लोखंड, मीच तर—
चावी सापडली त्याला. कडी आतून आहे. कसाही असो, माझाच आहे. आले रे, आले, कडी काढते—