पुलवाला गेम आणि यंदाची आखाजी

२ एप्रिल

पुलवाला गेम पुन्हा येतोय. सोहमने हॉस्टेलवरून लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "आई, हाच का तुमचा?" हाच. दोन शिपाई, एक लाल, एक हिरवा, मागे लाकडी पूल. इतकी वर्षं कंपनी झोपली होती, आता जाग आली. खरं नाव काहीतरी जपानी आहे, तोंडात बसत नाही. सुरतेत उधन्याच्या चाळीत सगळे पुलवालाच म्हणायचे.

दिवसभर शाळेत पेपर तपासताना डोक्यात तीच धून. एका पोराला भूगोलात मार्क जास्त पडले असणार. पडू देत.

धाकट्या भावाला, गोकुळला, लिंक पुढे पाठवली. वाचलीय त्याने. उत्तर नाही.

४ एप्रिल

संजयरावांचं म्हणणं, या वयात बंदुका शोभतात का. म्हटलं, तुम्ही सचिन गावाहून, कामावरून आल्यावर रोज दोन तास क्रिकेट बघता, ते शोभतं का? पण सोहमचं गेमचं मशीन कपाटातून त्यांनीच काढून पुसून दिलं, हेही लिहायला हवं.

यांना कळणार नाही. आमच्या घरी टीव्ही गेमला वर्षभर बंदी. नाना लूमवरून आले की त्यांना बातम्या, मग झोप. फक्त आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोकळीक. आखाजीला खानदेशी माणसं पत्ते कुटतात, पैसे लावतात, कोणी कोणाला बोलत नाही. मग आई म्हणायची, मोठे खेळतात तर पोरांनी काय घोडं मारलं, आखाजीले सगळं माफ. बापे गॅलरीत पत्त्यांवर, आणि मी नि गोकुळ आत टीव्हीसमोर, अंधार पडेपर्यंत. वर्षाचा खेळ एका दिवसात.

मी लाल, तो हिरवा. आणि सेठ. शेवटी जो जाड्या राक्षस येतो त्याला चाळीतली पोरं सेठ म्हणायची, कारण तो नानांच्या खात्याच्या, म्हणजे लूम कारखान्याच्या, सेठसारखाच पोटावर हात ठेवून उभा राहायचा.

५ एप्रिल

आज सरळ लिहून टाकते. आखाजी एकोणीसला आहे आणि मूळ, म्हणजे न्यायला माहेरचं माणूस, येईल की नाही मला माहीत नाही.

आई होती तोवर प्रश्नच नव्हता. गोकुळ सकाळी दारात हजर, "चाल ताई, आईनी बलायेल शे." मग मी बॅग उचलायची. गेल्या वर्षी आला नाही. आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं, म्हणून नसेल आला, असं मी मनाशी धरलं. राखीला आला, पण दारातूनच, घाईत. दिवाळीनंतर फोनही कमी झाले. कतारगाम काही परदेशात नाही. डिंडोलीहून बस धरली की मी पोचते. पण न बोलावता आखाजीला माहेरी जायचं नसतं. आई गेली, नाना आधीच गेले. आता माहेर म्हणजे कतारगामची ती दोन खोल्यांची जागा, गोकुळ आणि त्याची बायको हेतल. त्याने बोलावलं नाही तर मला माहेर नाही. एवढं साधं आहे.

आईच्या नावाची, पितरांची पाण्याची घागरही त्यालाच भरायची आहे. हेतल गुजराती, तिला हे सगळं कोण सांगणार? तोच सांगेल, त्याच्या मनात असेल तर.

९ एप्रिल

गेम आला. डाउनलोड सकाळपासून चालू आहे. कॅसेट खुपसली की चालू व्हायचं, फार तर फुंकर मारावी लागायची.

गोकुळला फोन केला. आखाजीचं नाव काढलं नाही. फक्त म्हटलं, "पुलवाला आला आहे, रविवारी ये, एकटी नाही उघडणार." म्हणाला, "येस रविवारले." ठेवला.

संजयरावांनी विचारलं, तूच बोलावतेस मग तो कसा बोलावणार? त्यांना म्हटलं, हे मूळ नाही, हा गेम आहे.

१२ एप्रिल

आला होता. डोक्यावर हेल्मेट, गाडीला मागे मोठी काळी पेटी. म्हणाला, मित्राची गाडी. पण पाणी दिलं तेव्हा हात बघितले. कोपरापासून खाली उन्हाने करपलेले. हिरे घासायला घंटीवर, त्या फिरत्या चाकावर, बसणाऱ्याचे हात असे नसतात. सोळाव्या वर्षापासून तो सावलीत बसलाय, त्याचे हात नेहमी पांढुरके आणि बोटांची टोकं काळी. आज उलटं होतं.

गेमबद्दल. काय लिहू? आधी खातं उघडा. मग दुसऱ्या खेळाडूचं खातं. गोकुळला आपला पासवर्ड आठवेना. हे सगळं होईतो चहा थंड. मग गोष्ट सुरू झाली आणि थांबेचना. लाल शिपायाला बाप आहे, बापाशी भांडण आहे. सेठला बालपण आहे. तो लहान असताना त्याचा कुत्रा मेला, म्हणून तो असा झाला. बटण दाबून पुढेही जाता येत नाही. गोकुळ म्हणाला, "आपला सेठले बी कुत्रा व्हता का, इचारी पाह्य." खूप दिवसांनी त्याला हसताना बघितलं.

धून नाही. म्हणजे आहे, पण व्हायोलिनवर, लग्नाच्या हॉलमध्ये वाजते तशी. पूल सिमेंटचा केलाय, आठ गाड्या शेजारून जातील एवढा रुंद. त्यावरून पडणार कसं कोणी? पडायची भीती हाच तर पूल होता.

तरी खेळलो. आणि गोकुळचा हिरवा मेला. तो सवयीने म्हणाला, "ताई, माले उचल ना."

आमच्या पुलवाल्यात एक मेला की दुसरा त्याला खांद्यावर घ्यायचा. खाली आणि दुसरं बटण एकदम. घेणाऱ्याला गोळी झाडता यायची नाही, नुसतं पळायचं, पुढच्या तंबूपर्यंत. तिथे मेलेला जिवंत. लहानपणी गोकुळ मुद्दाम मरायचा, फक्त खांद्यावर बसायला मिळावं म्हणून. मी चिडायचे नि उचलायचेही.

दाबलं खाली आणि दुसरं. लाल शिपाई नुसता खाली बसला. पुन्हा दाबलं. पुन्हा बसला. हिरवा तोवर पुसला गेला आणि कोपऱ्यात पाटी आली, साथीदाराची वाट पाहा. गोकुळनेही माझ्या हातातून रिमोट घेऊन दाबून बघितलं. बराच वेळ दाबत होता. मग रिमोट खाली ठेवून म्हणाला, "उचलनं काढी टाकं त्यासनी." हेल्मेट घातलं नि गेला.

आखाजीचं तो बोलला नाही. मी पण नाही. जिना उतरताना त्याला हाक मारावीशी वाटली.

१३ एप्रिल

राग उतरत नाही. कंपनीला लिहिलं. हिंदीत, इंग्रजी लिपीत, जसं सुचलं तसं. धून गेली चालेल, सेठला कुत्रा दिलात चालेल, पण खांद्यावर घेणं का काढलंत? तोच तर गेम होता. वाचून दाखवलं तर संजयराव म्हणाले, एवढ्या तळमळीने तू सासूबाईंच्या पेन्शनसाठीसुद्धा लिहिलं नव्हतंस.

१५ एप्रिल

उत्तरं आली. कंपनीचं नाही, दुसऱ्या खेळणाऱ्यांची. सगळे एकच म्हणतात: मूळ गेममध्ये असं काही नव्हतंच. एकाने जुन्या गेमचा सबंध व्हिडिओ टाकलाय, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बघितला. एक मरतो, पुसला जातो, दुसरा पुढे चालू लागतो. मागे वळून बघतही नाही.

सोहमला विचारलं. तो म्हणाला, "तुमची कॅसेट कुठली? बाजारातली नकली ना? कोणीतरी घरी बसून बदल केला असेल त्यात. किंवा तुला तसं आठवतंय." हे शेवटचं त्याने सहज म्हटलं. मला लागलं.

म्हणजे इतकी वर्षं मी वाट पाहत होते ती जे नव्हतंच त्याची? कंपनीला उगाच शिव्या घातल्या. शाळेतून आल्यावर भाजी निवडायला बसले आणि तशीच बसून राहिले. धुनीपेक्षा, पुलापेक्षा मला तेच खरं वाटत होतं. आणि ते खोटं निघालं तर आणखी काय काय मी मनानेच लावून घेतलंय? गोकुळ नि मी जवळचे होतो, हे तरी?

संध्याकाळी न राहवून त्याला फोन केला. नुसतं विचारलं, "खांद्यावर घ्यायचो ना रे आपण?"

"घेत व्हतीस. तुना खांदावर मी किती डाव बसेल शे."

"लोक म्हणतात नव्हतंच."

"त्यासनी कॅसेटमा नसीन. आपलीमा व्हतं."

बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तोंडातून निघूनच गेलं. म्हटलं, "गोकुळ, ती गाडी तुझीच ना?"

मागे हेतल भांडी घासत होती, तो आवाज येत होता. मग म्हणाला, दिवाळीच्या सुट्टीला कारखाना बंद झाला तो उघडलाच नाही. कापड मार्केटची पार्सलं पोचवतो. "तुले सांगाले लाज वाटनी. आखाजीले मोकळा हाते कसा उं?"

मग मला सगळं कळलं, दिवाळीनंतर कमी झालेले फोनसुद्धा. साडीशिवाय बहिणीला न्यायचं नसतं असं कोणी शिकवलं याला? आईनेच. मी त्याला म्हटलं, "साडी नको माले. मूळ लाव."

तो म्हणाला, "कॅसेट आईनी पेटीमा शे. मी पाह्यस."

१७ एप्रिल

निरोप नाही. त्याला पुन्हा फोन करणार नाही. मागून घेतलेलं मूळ मूळ नसतं, आणि मी तर एकदा मागून बसलेय.

नव्या पुलवाल्यातला सेठ आज एकटीनेच मारला. शेवटी तो रडतो. मला काहीच वाटलं नाही.

१८ एप्रिल

बाजारात डांगरं, म्हणजे खरबुजं, आलीत, घागरीवर ठेवायला एक घेतलं. संजयराव म्हणाले, घागर तर तिकडे भरायची ना? म्हटलं, नाही आला तर मी भरेन, आई माझीही होती. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली.

बॅग भरावी की नाही? भरली. लपवून ठेवली, आपल्याच घरात.

१९ एप्रिल, आखाजी

सकाळीच पुरण घातलं. रस काढला. अजून कोणी नाही. शेजारच्या अंजनाबाई माहेरी गेल्या, भाऊ रिक्षा घेऊन आला होता. मी गॅलरीतून हात केला.

आता मोबाईल वाजला. गोकुळ. फोटोत आईची पेटी उघडी, बाजूला तो जुना गेमचा खोका, टीव्हीवर लाल नि हिरवा शेजारी शेजारी उभे, मागे लाकडी पूल. खाली लिहिलंय:

"चालू व्हयनी. पन उचलता येस का नही ते एकलाले समजस नही. दुसरं मानूस लागस."

एवढंच. येतो असं लिहिलेलं नाही. घ्यायला येतो असंही नाही.

संजयराव विचारतात, निघालीस का? म्हटलं, मूळ आल्याशिवाय नाही. बॅग बाहेर काढून दाराशी ठेवलीय. डांगर तिच्यावर ठेवलंय. चपला पायात आहेत.