तुझ्या निबंधातला दुसरा परिच्छेद

प्रिय ठमे,

सतराव्या वर्षी कुणालाच ठमी म्हटलेलं आवडत नाही, हे मला कळतं. पण तुझ्या खऱ्या नावाने हाक मारली की मी तुला रागावतोय असं मला वाटतं, आणि आज मला रागवायला तोंड नाही. तू एक वाजता क्लासहून येशील. प्रवेशाचा निबंध पाचच्या आत पाठवायचा आहे. म्हणजे हे वाचून झाल्यावर तुझ्या हातात जेमतेम चार तास उरतील. सकाळी सहापासून लिहितोय. ही चौथी प्रत. आधीच्या तिन्ही प्रतींत मी स्वतःची इतकी बाजू घेतली होती की वाचून माझी मलाच लाज वाटली, म्हणून फाडून टाकल्या.

गेला महिनाभर आपलं घर तुझ्या निबंधावरच चाललंय. फ्रिजच्या दारावर पिवळ्या चिठ्ठ्या, आरशावर चिठ्ठ्या, एक तर माझ्या डब्याला चिकटून कामावर आली होती आणि ‘शेवटी उपदेश नको’ हे वाचून आमचे हेल्पर दिवसभर मला चिडवत होते. आधी तू पोहण्याच्या स्पर्धेवर लिहिलंस. निबंधाच्या बाईंनी आडवी रेघ मारून शेरा दिला, ‘छान आहे, पण हे कुणीही लिहील. यात तुझं काय?’ दोन दिवस तू धड जेवली नाहीस. मग एका रविवारी दुपारी वही घेऊन माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, “बाबा, मला यंत्रांच्या सुरक्षेचंच का शिकायचंय ते लिहिते. तो लिफ्टचा प्रसंग सांगा ना. पण या वेळी नीट, क्रमाने.” मी सांगितला. तो मला पाठच आहे. अकरा वर्षं मी तो सांगत आलोय, त्यामुळे कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं जमतं मला.

मग तू मला मांडणी समजावलीस. पहिल्या परिच्छेदात वाचणाऱ्याला थेट त्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये उतरवायचं. दुसऱ्यात काय झालं आणि का झालं. तिसऱ्यात सहा वर्षांची तू, आणि त्यानंतर प्रत्येक यंत्राकडे बघताना तुला पडायला लागलेला प्रश्न. शेवटी, पुढे तू काय करणार. आम्ही लिफ्टवालेसुद्धा शाफ्टमध्ये आधी रूळ ओळंब्याने सरळ उभे लावतो आणि मगच केबिन आणतो, म्हणून मला वाटलं, पोरगी आपल्याच हाताखाली शिकली की काय! छाती फुगली माझी. आणि लगेच मी वही मिटून तुला परत दिली. कारण तुझा सगळा डोलारा त्या दुसऱ्या परिच्छेदावर उभा होता. त्यात तू माझ्या तेव्हाच्या जोडीदाराबद्दल लिहिलं होतंस, ‘लंबूकाकांनी एका क्षणाची घाई केली. हात बाहेर काढण्याआधीच त्यांनी लिफ्ट सुरू करायचा इशारा दिला. त्या एका निष्काळजी क्षणाची किंमत त्यांनी तीन बोटं देऊन मोजली.’ वाक्य चांगलं आहे. बाईंनी त्याखाली दोन रेघा मारून ‘वा’ लिहिलंय.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. वाटलं, एवढासा कागद, कुठल्यातरी कॉलेजातले चार लोक वाचतील आणि फायलीत टाकतील. पण तुझ्या बाईंनी तुला सांगितलं, प्रसंगात असलेल्या दुसऱ्या माणसालाही भेट, एकाच माणसाकडून ऐकलेलं लिहू नकोस. मागच्या रविवारी तू लंबूकडे निघालीस, तेव्हा मी तुला अडवायला तीन कारणं काढली, आठवतं? त्याची तब्येत, तुझा अभ्यास, आणि बसचा संप, जो नव्हताच. तू गेलीस. ते दोन तास मी गॅलरीत उभा होतो. आईने विचारलं, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, कुणाची नाही. तू आलीस ती उड्या मारतच. “काका म्हणाले, बाबा सांगतात अगदी तसंच झालं!” ठमे, त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट मला घेरीच आली. तुला वाटलं ऊन लागलं. तू पाणी आणून दिलंस.

बुधवारी मी अर्धा दिवस रजा टाकून त्याच्याकडे गेलो. गोदामाच्या गेटवर त्याची केबिन आहे, एक खुर्ची आणि एक स्टूल मावेल एवढी. मला बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं. येणाऱ्या गाड्यांचे नंबर तो उजव्या हाताने लिहितो आणि डावा हात टेबलाखाली ठेवतो. इतक्या वर्षांतही त्याची ती सवय गेलेली नाही. मी विचारलं, “पोरीला खरं का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “तिचा निबंध आहे रे. आपली चौकशी थोडीच आहे?” मग आणखी एका गाडीचा नंबर लिहून म्हणाला, “एकच प्रश्न तिने अवघड विचारला. म्हणाली, काका, आपल्या चुकीमुळे बोटं गेली, हे तुम्ही कसं पचवलंत? तिला लिहून घ्यायचं होतं ना, पेन उघडून बसली होती. मग सांगितलं काहीतरी.” आणि तो हसला. माझी चेष्टा करताना तो पूर्वी हसायचा, तसं.

आता तो प्रसंग नीट, क्रमाने ऐक. आठ मजली इमारत. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकलेली, आत दोन बायका, त्यातली एक घाबरून दार बडवत होती. लंबू पाचव्या मजल्यावरून केबिनच्या टपावर उतरला. दोर चाकात अडकला होता, तो त्याला सोडवायचा होता. मी वर मशीनच्या खोलीत, मेन स्विचपाशी. स्विच बंद. आमचा नियम असा, की खालच्याने ‘सोड’ म्हणायचं, वरच्याने ‘सोडू?’ विचारायचं, खालच्याने पुन्हा ‘सोड’ म्हणायचं, आणि मगच स्विचला हात लावायचा. त्या दिवशी खालून काहीतरी आवाज आला. दार बडवणाऱ्या त्या बाईचा असेल. मला तो ‘सोड’ वाटला. मी उलट विचारलं नाही. का नाही विचारलं, याला काही कारण असतं तर बरं झालं असतं. घाई नव्हती, भांडण नव्हतं, डोकं दुखत नव्हतं. रोज करतो ते काम होतं, एवढंच. स्विच वर केला. केबिन वीतभर सरकली. लंबू ओरडला, तो आवाज मात्र मला बरोबर ओळखू आला.

पुढचं मी तुला सांगितलं ते सगळं खरं आहे. स्विच बंद करून, ब्रेक हाताने सोडत केबिन मी इंच इंच चौथ्या मजल्यावर आणली, दोघींना बाहेर काढलं, लंबूला पाठीवर घेऊन चार जिने उतरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या हेही खरं. फक्त आधीची दहा सेकंदं मी तुला दिली नाहीत. तुलाच काय, कुणालाच दिली नाहीत. दोन दिवसांनी चौकशी झाली तेव्हा मी सांगितलं, मी दोनदा विचारलं, तो दोनदा ‘सोड’ म्हणाला. मग साहेब मला घेऊन दवाखान्यात गेले. लंबूने आधी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाला, “आठवत नाही साहेब.” अहवालात चूक त्याच्या नावावर लागली आणि त्याला यंत्रांवरून कायमचा काढला. वर्षभरात मी सुपरवायझर झालो. नव्या पोरांना सुरक्षेचे नियम मी शिकवतो. शिकवताना तुझ्या लंबूकाकांचं उदाहरण देतो. आता सांग, मला माणूस म्हणायचं का?

बुधवारी परतताना बस चुकली, पुढचीही मी जाऊ दिली. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, “पोरीला तुम्हीच सांगायचं. आणि तोंडाने नको, लिहून द्या. तोंडाने सांगाल तर पुन्हा गोष्टच सांगाल.” काल दुपारी मी मोठ्या साहेबांना लेखी जबाब दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “अकरा वर्षांनी? आत्ताच का?” मी म्हटलं, घरात एक कागद आहे, तो खोटा जाऊ नये म्हणून. त्यांना काही समजलं नाही. निर्णय होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणाले. नोकरी राहील का, माहीत नाही. तुझ्या ॲडमिशनच्या आधी हे करू नये असं मला दहादा वाटलं. पण ‘आता नको, नंतर’ असं करतच मी अकरा वर्षं काढली.

परवा तू प्रवेशाचा फॉर्म माझ्यापुढे ठेवलास आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणालीस, “बाबा, इथे सही.” क्लासची घाई होती, तू वाचलंही नसशील. त्या रेषेच्या वर छापलंय, ‘निबंधातील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे. पालकाची सही.’ तू दोनदा आठवण केलीस, आणि मी दोन्ही वेळा पेन सापडत नाही म्हणालो. ठमे, मी ती सही केलेली नाही. हे पत्र लिहिलं ते त्यासाठी. फॉर्म याच पाकिटात आहे. दुसरा परिच्छेद बदलायचा, की सगळा निबंधच बाजूला ठेवून पोहण्याच्या स्पर्धेवर लिहायचं, की आणखी काही, ते तू ठरव. माझ्याबद्दल जे लिहावंसं वाटेल ते लिही, नावानिशी लिही, हात आखडू नकोस. तू हे वाचशील तेव्हा मी लंबूच्या गेटवर बसलेलो असेन. चौकशीत मी काय सांगितलं होतं ते त्याने इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही, ते आज सांगणार आहे. लिहून झालं की फॉर्म घेऊन तिकडे ये, किंवा येऊ नकोस, आईची सही चालते, मी चौकशी केली आहे. पण आलीस, तर निबंध आधी त्याला वाचायला दे. तो ‘बरोबर आहे’ म्हणाला, तर मी सही करीन.

तुझाच, तू ठेवशील तर,
बाबा