दिवाळी अंकातला दक्षिण ध्रुव

ब्रेडा, ३ सप्टेंबर २०२३

ती. मालिनीआत्यास,
मृदुलाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू कानाचं यंत्र काढून ठेवतेस आणि माझ्या प्रत्येक वाक्याला बरं बरं म्हणतेस, म्हणून हे पत्र. चिडलेल्या माणसाला बरं बरं ऐकायचं नसतं.

आधी चांगली बातमी. दक्षिण ध्रुवाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळातून आलेल्या चिखलाच्या बादल्या मी सहा वर्षं निवडतेय, हे तुला ठाऊक आहे. विनय लोकांना सांगतो की बायको संस्थेत तांदूळ निवडते. त्या तांदळात मला एक दाणा असा सापडला, की जो अजून कुणाच्या पुस्तकात नाही. कोळंबीच्या लांबच्या नात्यातला, सात काट्यांचा, पाठीला चांगला बाक असलेला. जहाजावर तो लालभडक होता म्हणे. आमच्याकडे पोचेपर्यंत अल्कोहोलमध्ये शिजल्या भातासारखा पांढरा झाला. एकेक पाय सोडवून, काचेवर ठेवून मी त्याची चित्रं काढली, तू शिकवलीस तशी, ठिपक्या-ठिपक्यांनी. आमचे प्रमुख डॉ. ओस्टरकाम्प म्हणाले की चित्रं सुंदर आहेत, लेखाचं आपण सावकाश बघू. साडेसहा फूट उंच माणूस, पाठ पट्टी लावल्यासारखी सरळ. सूक्ष्मदर्शकाकडे वाकताना मी त्यांना अजून पाहिलेलं नाही.

आता रागाचं. इथल्या मराठी मंडळाचा ‘बांध’ नावाचा दिवाळी अंक निघतो. संपादक प्रणव, झुइडास या बँकांच्या वस्तीतल्या एका बँकेत कसलीशी जोखीम मोजतो. त्याने माझ्याकडे लेख मागितला. मी या प्राण्याबद्दल लिहीन म्हटलं, तर म्हणे ताई, किडे कोण वाचणार, त्यापेक्षा फीट्स नावाच्या इथल्या सायकलवरून पडल्याची गंमत लिहा, नाहीतर गौडा चीजचे पराठे. इथे डच मुलखात येऊन पंधरा वर्षं झाली. डिपेंडंट व्हिसावर आले तेव्हा गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बाईने विचारलं होतं की तुम्ही दिवसभर काय करणार. आता आपलीच माणसं तेच विचारतात, फक्त मराठीत. मी किड्यांवरच लिहिणार आहे. कच्चा मजकूर सोबत धाडते, लाल शाई बाहेर काढ.

तुझा लोभ आहेच, तो लाल शाईतही दिसू दे.

तुझी,
मृदुला


पुणे, १८ सप्टेंबर २०२३

चि. मृदुलास,
अ. उ. आ.

मजकूर वाचला. लाज वाटली. "समुद्रतळाचं अद्भुत जग" हे काय आहे? सहलीची जाहिरात? तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यात अद्भुत हा शब्द मी एकाही पोराला लिहू दिला नाही.

दिवाळी अंक आहे म्हणून पातळ लिहायचं, हे तुला कोणी सांगितलं? आपल्याकडे माणसं दिवाळी अंक पुढल्या दिवाळीपर्यंत उशाशी ठेवतात. पातळ ताक उशाशी ठेवत नाहीत. लिहायचं तर पुरं लिही. लांबी किती, काटे कुठे, जवळच्या चुलतभावाहून वेगळा कशात, नमुना कुठल्या संस्थेत कुठल्या क्रमांकाने ठेवला आहे, आणि ही नवी जात आहे असं स्वच्छ शब्दांत. चित्रं सगळी दे. मराठीत शास्त्र मावत नाही असं म्हणणाऱ्यांना मराठी येत नाही, किंवा शास्त्र.

आणि नावाची जागा कोरी का? बारशाला बोलावून पाळणा रिकामा दाखवतेस. पाठीला बाक आहे म्हणतेस, तर कुब्जा ठेव.

विनयरावांना आशीर्वाद. तुझी लेक ईशानी मला गेल्या खेपेला डचमध्ये "वेल्टरुस्टन" म्हणाली. मी तिला मराठीत झोप म्हटलं. दोघींना समजलं.

तुला ओरडायला अजून मी आहे, हे ध्यानात असू दे.

मालिनीआत्या


ब्रेडा, २० नोव्हेंबर २०२३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अंक निघाला. तुझी प्रत विनयच्या ऑफिसातल्या मुलाबरोबर येते आहे. माझा लेख पान त्रेचाळीसवर आहे, अलीकडे मिसळ मसाल्याची जाहिरात, पलीकडे राशिभविष्य. पण तू म्हणालीस तसा पुरा आहे, सगळ्या चित्रांसकट. प्रणवने शेवटपर्यंत कुरकुर केली, आणि मी पराठ्यांची धमकी दिल्यावर छापला. प्राण्याचं नाव तेवढं रोमन अक्षरांत आहे, नियमच तसा आहे. ते नाव काय ते तूच पान उघडून बघ. रागवायचं असेल तर पत्राने रागव.

फराळ घेऊन संस्थेत गेले तेव्हा अंक डॉ. ओस्टरकाम्पना दाखवला. यात आपल्या प्राण्याचं वर्णन आणि नाव दोन्ही आहे, असं सरळ सांगितलं. ते हसले. आपल्या समाजासाठी असं काही करता हे फार छान, म्हणाले, आणि शिवाय हे वाचणार कोण. मग चकली घेतली आणि कॉफीचा कप अंकावर ठेवला. मुखपृष्ठावरच्या पणतीभोवती आता एक तपकिरी ग्रहण आहे. ती प्रत मी घरी परत आणली.

चकली आवडली त्यांना. तेवढं न्यायाने लिहायला हवं.

लोभात खाडा नको.

मृदुला


ब्रेडा, ११ जून २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आज मजकूर नीट जुळणार नाही, अक्षरही वाकडं येईल. म्हातारपण नव्हे, संताप.

डॉ. ओस्टरकाम्प यांचा लेख परवा प्रसिद्ध झाला. लेखक तीन. तिघांपैकी एकानेही तो प्राणी चिमट्यात धरलेला नाही. चित्रं माझी. वर्णन माझं, मी संस्थेच्या फायलीत इंग्रजीत लिहून ठेवलेलं. मी कुठे आहे? शेवटी आभारांत, जहाजावरच्या आचाऱ्याच्या खाली. आचाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने निदान जेवण स्वतः केलं होतं.

आणि नाव कोणाचं दिलं, ऐक. गोठवलेले बटाटे विकणाऱ्या एका कारखान्याच्या मालकाचं. त्याने मोहिमेला मदत केली होती. नाव डिर्क, त्याला लॅटिन शेपूट. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राच्या तळाशी लाखो वर्षं राहिलेला जीव, आणि त्याला आता आयुष्यभर फ्रीजरमधल्या बटाट्यांचं नाव. मी विचारायला गेले तर म्हणाले, हे वैयक्तिक घेऊ नका, इथे आम्ही सरळ बोलतो. आत्या, सरळ बोलतो म्हणून मुस्कटात मारली तर गालाला कमी लागते का?

विनय म्हणतो जाऊ दे. हा माणूस जाऊ दे म्हणत पुण्याहून इथवर आला. डिसेंबरात माझ्या कराराचं नूतनीकरण आहे, हे त्याने हळू आवाजात सांगितलं. तेही खरं आहे, म्हणून जास्तच चीड येते.

मृदुला


पुणे, २७ जून २०२४

चि. मृदुलास,
अ. उ. आ.

रडणं आटप आणि कपाट उघड.

तुझा अंक नोव्हेंबरपासून माझ्या उशाशी आहे. नाव वाचून तेव्हाच तुला चार शिव्या घालणारं पत्र लिहिलं होतं, टाकलं नाही. जिवंत आत्याचं नाव कुबड असलेल्या प्राण्याला देतेस! कुब्जा मी गमतीने म्हटलं होतं. असो, ते भांडण वेगळं.

काल तो अंक परत वाचला. तुला कॉलेजात मी पहिल्या तासाला काय सांगितलं होतं? नाव त्याचं, ज्याने आधी छापलं. मोठ्याचं नव्हे, गोऱ्याचं नव्हे, आधीचं. छापील हवं, एकसारख्या प्रती हव्यात, लोकांना मिळालेलं हवं, वर्णन हवं, नमुना कुठे ते हवं. आहे की नाही सगळं? भाषा कोणती हवी, हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही. तुझं नोव्हेंबर, त्यांचं जून. मंडळाच्या मिसळ मसाल्याशेजारी तो प्राणी जन्मला आहे, आणि तुझ्या साहेबांनी त्याच्या दाखल्यावर कॉफी सांडली.

अंकातून मिसळीची जाहिरात फाडू नकोस. संपूर्ण अंक लागेल.

हिंमत धर. आशीर्वाद आहेत ते अशा वेळी वापरायला असतात.

मालिनीआत्या


ब्रेडा, ६ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळं एकदम सांगते.

तुझं पत्र येताच मी ‘बांध’ची प्रत नॉर्वेतल्या त्या बाईंना धाडली, ज्या आमच्या प्राण्यांची जागतिक सूची सांभाळतात. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: हा अंक खरंच वाटला गेला का, आणि कधी. मी प्रणवकडे गेले. वाटलं, पुन्हा पराठे काढेल. तो पोरगा लालबुंद झाला. म्हणाला, ताई, आपल्या अंकाला कोणी अंक नाही म्हणतं? दिवाळीच्या कार्यक्रमात दारातच प्रत्येक कुटुंबाला फराळाच्या पिशवीत एकेक प्रत दिली होती, दोन वाचनालयांत ठेवली होती, त्याचे फोटो तारखेसकट आहेत. सगळं त्याने स्वतः नॉर्वेला पाठवलं. बँकेतला माणूस जोखीम मोजतो म्हणून मी हसले होते, ते परत घेते.

मग डॉ. ओस्टरकाम्पनी मला बोलावलं. पहिल्यांदा स्वतः कॉफी दिली. म्हणाले, गैरसमज टाळू, तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की तो लेख निव्वळ मनोरंजनाचा होता, एका सामाजिक पत्रिकेतला, शास्त्र म्हणून लिहिलेला नव्हता. आणि लगेच, जणू सहज, डिसेंबरच्या कराराबद्दल बोलले. आत्या, माझ्या डोळ्यांसमोर ती तपकिरी ग्रहण लागलेली पणती आली. मी म्हटलं की मनोरंजन पान बेचाळीसपर्यंत आहे, आणि चव्वेचाळीसपासून पुन्हा सुरू होतं. त्यांनी विचारलं, इंग्रजी भाषांतर मिळेल का, निदान वाचून तरी बघतो. मी सांगितलं की मंडळाचा मराठी वर्ग दर शनिवारी असतो, पाच वर्षांवरच्या कुणालाही घेतात, अंकलिपी आम्ही देतो.

सही केली नाही. विनयला घरी येऊन सांगितलं. मला वाटलं जाऊ दे म्हणेल. तो म्हणाला, त्या ओस्टरकाम्पलाच जाऊ दे. लग्नाच्या वीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याचं वाक्य पटलं.

सूची आठवड्यापूर्वी बदलली. तुझं नाव वर, डिर्क खाली, ‘नंतरचे नाव, वापरू नये’ अशा शेऱ्यासह. आता जगात कोणीही या प्राण्यावर लिहिलं की तळटीपेत ‘बांध, दिवाळी २०२३, पान ४३’ द्यावं लागेल. डॉ. ओस्टरकाम्पनाही.

माझा करार डिसेंबरात संपतो. नूतनीकरण नाही, कारण विभागाची पुनर्रचना होते आहे. पुनर्रचनेत फक्त माझीच खुर्ची आहे. मी अजून संतापलेली आहे, आणि मला कोणी शांत हो म्हणू नये, तूसुद्धा.

तुझ्या नावाचा प्राणी आता तुझ्यापेक्षा जास्त जगणार, म्हणून तरी लोभ ठेव.

मृदुला


पुणे, २२ ऑक्टोबर २०२४

चि. मृदुलास,
अ. उ. आ.

शांत हो म्हणणार नाही. शांत माणसांची चित्रं वाईट असतात.

तुझं चित्र पुन्हा भिंगाखाली पाहिलं. डाव्या बाजूचा पाचवा पाय तू उजव्यावरून उतरवला आहेस, आळस केलास. पूर्वी चाललं असतं. आता माझं नाव आहे. नोकरी सुटण्याआधी नमुना परत काढून पाहा, पाय नीट काढ आणि दुरुस्ती पुढल्या अंकात छाप. प्रणवला म्हणावं, जाहिरात कुठलीही घे, माझं पान ठेव.

आणि तो बाक. मी आरशासमोर बाजूने वळून पाहिलं. आहे. साठ वर्षं डोळा काचेला लावून खाली बघत राहिलं की पाठ तशीच होते. तुझ्या साहेबांची पाठ सरळ आहे, असं तूच लिहिलं होतंस.

तुझी पाठ कशी आहे, ते कळव.

मालिनीआत्या