चार अंश

४ मार्च

चि. बापूस,

अनेक आशीर्वाद. ते देताना आज हात आखडतोय, तरी देते. फोनवर तू मध्येच तोंड घालतोस आणि मग मी ओरडते, म्हणून लिहिते आहे.

काल धाकटीचा फोन आला. तुझ्या गॅरेजात डायनोवर, त्या चाचणीच्या रोलरवर, तिची शर्यतीची गाडी फिरवताना इंजिन बसलं, तिसऱ्या पिस्टनला भोक पडलं, असं हुंदके देत सांगत होती. मी तिला लॅपटॉपवरच्या इंजिन-सेटिंगच्या तक्त्याचा फोटो पाठवायला लावला. साडेचार हजार आरपीएमच्या रकान्यात मी चौदा अंश लिहून पाठवले होते, तिथे अठरा दिसतात. नुसते तिथेच नाहीत, सगळ्या रकान्यांत सरसकट चार वाढवलेस! तुला काही लाज?

शंभरदा सांगितलंय, इंजिनाचे दोन्ही व्हॉल्व किती वेळ एकत्र उघडे ठेवायचे ते हे अंश ठरवतात. हवा घेणारा आणि धूर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व क्षणभर एकत्र उघडे राहिले की खालच्या आरपीएमला टर्बोची ताजी हवा जळका धूर ढकलून देते आणि गाडी झेपावते. वरच्या आरपीएमला मात्र तोच तापलेला धूर उलटा आत शिरतो. मग पिस्टन वितळेल नाहीतर काय होईल? मी इथे इंजिनांच्या प्रयोगशाळेत दिवसभर हेच करते, माशा मारत नाही. यंदा हात लावणार नाही, असा शब्द दिला होतास मला.

एकोणतीस तारखेला डोंगरचढणीच्या कार शर्यतीसाठी तिची संघनिवड आहे. पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही. तीन वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवून, प्रत्येक सुट्टी त्या डोंगरावर सरावात घालवून पोरगी इथवर आली आणि तू तिचं इंजिन जाळलंस.

जेवणाकडे लक्ष दे. राग आहे, माया तुटलेली नाही.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. वाचताना कान लाल झाले.

आता माझंही ऐक. सहा वर्षं तू मला पाठवतेस तो प्रत्येक तक्ता चार अंशांनी कमी असतो. मला कळत नाही असं वाटलं होतं का? शेजारच्या डॉक्टरांच्या गाडीच्या वेळी तू चुकून तुझी मूळ फाइल पाठवलीस, तेव्हाच मला उमगलं. बापू धसमुसळा, बापूला कमीच द्या! म्हणून मी गुपचूप चार वाढवत आलो. सहा वर्षांत एक गाडी परत आली नाही. तू शाबासकी घेतलीस, मी गप्प बसलो.

यंदा पिस्टन गेला, म्हणजे तुझे चौदा खरे होते. मग यंदाच तुला खरेपणाची हुक्की का आली? आणि आली तर सांगायला काय धाड भरली होती? हो, शब्द दिला होता. पण तू नेहमीसारखंच कापून पाठवलं असशील, अशी माझी खात्री होती. पोरगी हरू नये म्हणून वाढवले, हौस म्हणून नाही.

नवा पिस्टन मिळाला आहे. सिलिंडर घासून घेतला, वाचला. इंजिन वीस तारखेपर्यंत उभं करतो. तुझी पाठ दुखते म्हणे, खुर्ची बदल. पुढचं पत्र शिव्यांचं असलं तरी चालेल, पण पाठव.

बापू

१४ मार्च

चि. बापूस,

अ. आ. म्हणजे तुला ठाऊक होतं! मी कापत होते कारण तू वाढवायचास, आणि तू वाढवायचास कारण मी कापत होते. शाबास आपली. यंदा तू शब्द दिलास म्हणून मी पहिल्यांदा खरे आकडे पाठवले, आणि त्याचं हे फळ.

आधी कोण चुकलं ते धाकटीची निवड झाल्यावर भांडू. मी खरे आकडे पाठवणार, तू बोटही लावणार नाहीस. तक्ता इंजिनात भरायचा आणि लॅपटॉप धाकटीच्या हातात द्यायचा. एवढं तरी एकदा ऐक, मग तुझ्याशी नीट बोलेन.

ताई

२२ मार्च

ती. ताईस,

सा. न. इंजिन उभं राहिलं. तुझा तक्ता जसा आला तसा भरला, लॅपटॉप धाकटीकडे दिला. एक आकडाही हलवलेला नाही. आता जे होईल ते तुझं. आशीर्वाद तिला दे, मला नको.

बापू

३१ मार्च

ती. ताई आणि ती. बापूदादा यांस,

सा. न. वि. वि. दोघांना एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळं लिहिलं तर तुम्ही त्यातही आपापल्या सोयीचं वाचाल.

माझी निवड झाली नाही. सहा दशांश सेकंदानं राहिले. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना मी अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवत होते आणि टर्बो डुलक्या घेत होता. गाडी खाली आणली आणि लॅपटॉप उघडला. साडेचार हजाराच्या रकान्यात चौदाच्या जागी दहा!

ताई, तू फोनवर आधी डोंगरावरच्या हवेला दोष दिलास. मग रडलीस, आणि डोळ्यांसमोरून तो भोक पडलेला पिस्टन हलेना म्हणून चार कापले, असं म्हणालीस. पिस्टन वाचला तुझा. माझं काय? आणि बापूदादा, तुला मी विचारलं तर तू शांतपणे म्हणालास की दहा पाहिले होते, पण ताईनं बोट लावू नको म्हणून बजावलं होतं. तुला तिला एक फोन करता आला नाही? मी शेजारच्या खोलीत हेल्मेट पुसत बसले होते रे! तिला खोटं पाडायची एवढी हौस?

त्या गाडीत मी बसते. कुठल्या वळणाला ती ओढते आणि कुठे दम टाकते, ते माझ्या पाठीला कळतं. इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकानं तरी मला विचारलं का?

निकालानंतर संघाच्या मॅनेजरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की चालवतेस उत्तम, पण असं अर्धवट ट्यूनिंग तुला कुणी करून दिलं? मी सांगितलं, रस्त्यावरच्या एका गॅरेजात करून घेतलं, ओळखीचं कुणी नव्हतं. तुमची लाज राखायला नाही सांगितलं तसं. माझी ताई आणि माझा दादा, हे शब्द तोंडातून बाहेरच पडेनात.

लोभ असेल तसा असू द्या. मागायची आज इच्छा नाही.

धाकटी