शीर निवडण्याची माझी पद्धत

२६ ऑगस्ट, सकाळी ७
आजपासून कम्युनिटी कॉलेजात रक्त काढण्याचा सर्टिफिकेट कोर्स. सोळा आठवडे. ज्याने बावीस वर्षे लॅटिन शिकवले (विभाग बंद पडला, हा माझा दोष नव्हे), त्याला ही केवळ विश्रांती. डिसेंबरात प्रमाणपत्र, जानेवारीत काउंटीच्या इस्पितळात नोकरी, आणि मुलगी कॅरलच्या तळघरातून मुक्ती. तसा तिला लेखी शब्द दिला. "बरं बाबा," म्हणाली. स्वरात अविश्वास नसावा.

९ सप्टेंबर
शिक्षिका नोव्हाकबाई. त्यांच्या छापील सूचनांत सात चुका. लाल शाईने सुधारून परत दिल्या. बाईंनी त्या घडी करून पर्समध्ये टाकल्या. कृतज्ञतेचा हाही एक प्रकार.

३० सप्टेंबर
रबरी हातावरचा सराव संपला. आता एकमेकांच्या हातांवर. माझी जोडीदार ट्रूडी, पूर्वी गोदामात फोर्कलिफ्ट चालवीत असे. तिने बघता बघता माझ्या दोन नळ्या भरल्या. उतावळेपणा. मी मात्र निर्दोष शीर शोधत राहिलो. रक्त तुंबून शीर फुगावी म्हणून दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरात सोडावा असा नियम आहे. नियम सामान्य बुद्धीसाठी असतात. ट्रूडी ओरडली, "अहो प्रोफेसर, शीर निवडताय की जावई? हात निळा पडला माझा!"

२१ ऑक्टोबर
यशस्वी प्रयत्न: ट्रूडी तेवीस, मी दोन. दोन्ही निर्दोष. माझ्या शिरा वर्गात नावाजल्या आहेत. "प्रोफेसरांचा हात म्हणजे हमरस्ता," असे कोणीसे म्हणाले, आणि रांग लागली. मी कोणाला नाकारत नाही. माझी पाळी आली की मात्र सर्वांच्या बाह्या खाली येतात. संकोच. दुसरे काय?

१८ नोव्हेंबर
कॅरलने जानेवारीत तिथे ठेवायच्या शिवणयंत्रासाठी तळघराची मापे घेतली. टेपचे दुसरे टोक मी धरले.
संकल्प: अंतिम परीक्षेत पट्ट्याचा नियम पाळीन. तत्त्वतः मान्य नसला तरी. उत्तीर्ण होणे त्या एकाच प्रयत्नावर आहे.

१० डिसेंबर, दुपारी ४
परीक्षा. माझ्यासमोर बसायला कोणी उठेना. शेवटी ट्रूडीच आली. म्हणाली, "घ्या, आज तुमच्यासाठी. पण मिनिटात हं!"
चाळीस सेकंदांत शीर सापडली. सुई पहिल्याच प्रयत्नात आत. कोन ग्रंथात छापावा असा. नळी काठोकाठ. त्या आनंदात पट्टा न सोडताच सुई बाहेर काढली.
पुढचे नमूद करण्याची आवश्यकता नाही. नोव्हाकबाईंना चष्मा धुवावा लागला.

१२ डिसेंबर
नापास. निकाल निव्वळ तांत्रिक आहे. सविस्तर आक्षेप लिहीन. नोव्हाकबाई म्हणाल्या, "जानेवारीच्या तुकडीत पुन्हा बसा, प्रोफेसर. तुमचा हात तरी आम्हाला हवाच आहे."
कॅरलला काही सांगितले नाही. तिनेही विचारले नाही. संध्याकाळी तळघरात हीटर आणून लावला आणि वर निघून गेली.
हीटर मोठा आहे. एका हिवाळ्यापुरता घेतलेला दिसत नाही.