सहा नंबरच्या लेनमधली मुलगी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त जलतरण प्रशिक्षक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने व स्वहस्ते लिहून ठेवत आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. तेवढी सवडच नव्हती. छत्तीस वर्षे तलावाच्या काठावर ओरडून घसा बसला, डावा कान कामातून गेला, गुडघे कुरकुरतात. डोके मात्र ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. माझ्या एकटीच्या नावावरचे राहते घर व बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. इतर कोणाचाही त्यावर हक्क नाही. स्वयंपाकघरातला ओटा तिच्या वडिलांच्या उंचीचा आहे, कारण तिथे उभे तेच राहायचे. तिच्या वेण्या त्यांनी घातल्या, डबे त्यांनी भरले, पालकसभांना तेच गेले. मी पहाटे साडेचारला बाहेर पडायची, परत यायची तेव्हा ती झोपलेली असायची. ते गेले बिचारे, एकदाही तक्रार न करता.

२. शिट्टी, स्टॉपवॉच आणि सरावाच्या एकेचाळीस वह्या माझ्या असिस्टंटला. बाई गं, तू माझ्यापेक्षा चांगली शिकवतेस, हे तोंडावर कधी बोलले नाही. आता लिहून देते. रविवारी तलावाला कुलूप लाव आणि घरी जा. पालक कटकट करतील, करू देत.

३. क्लबच्या सेक्रेटरींना काहीही नाही. पदक आले की फोटोत पुढे, हीटर बिघडला की गायब. शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. उभे राहिलेच, तर दोन मिनिटांनी असिस्टंटने शिट्टी मारावी.

४. तलावाच्या वॉचमनकाकांना माझी मोठी छत्री ठेवायची होती. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणतात वकील, म्हणून ती कालच देऊन टाकली. घेताना काका बोलून गेले, "बाई, तुमची पोरगी पोहायला थोडीच यायची? तुम्हाला बघायला यायची."

ती दहा वर्षांची असताना एका सुट्टीत माझ्याबरोबर तलावावर येऊ लागली होती. पोटच्या पोरीला झुकतं माप देते असं कोणी म्हणू नये, म्हणून मी तिला सहा नंबरच्या, अगदी कडेच्या लेनमध्ये टाकलं आणि नव्यानेच लागलेल्या असिस्टंटच्या हवाली केलं. सगळ्यांच्या चुका सांगितल्या, तिला एक शब्द नाही. आठव्या दिवशी ती उठलीच नाही. "दम नाही कार्टीत," असं मी तिच्या वडिलांना म्हणाले. अठ्ठावीस वर्षं मी तेच धरून बसले होते. काल जेवण गेलं नाही.

५. हे कलम माझ्या मरणानंतर अमलात आणायचे नाही. बाळा, याची नक्कल आजच तुला पाठवते आहे. वर्षातून दोनदा येतेस, जेवतेस आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातेस. या वेळी मुक्कामाला ये. माझा डोळा अजून चारलाच उघडतो. तू लहान होतीस तेव्हा तुझी झोपमोड होईल म्हणून तुझ्या खोलीचं दार कधी उघडलं नाही. आता रोज उघडते. तू उशिरापर्यंत झोप. मी उठवणार नाही गं, नुसती दारात उभी राहीन.

लिहून ठेवणारी: (सही)

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
१. तलावाचे माजी वॉचमन (सही)
२. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)

स्थळ: राहते घर
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी